रतनपूरची अकीकाची खाण

सुरतेचे नाव निघाले, की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. शिवाजी महाराजांनी ज्या संपत्तीवर हात घातला, ती सुरतेत आली कोठून, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. बंदराची श्रीमंती ही नेहमी त्याच्या पाठीशी असलेल्या मुलुखाची श्रीमंती असते. कोष्ट्याचे कापड, शेतकऱ्याची नीळ, रंगाऱ्याचे छीट असा ठिकठिकाणचा माल तापीच्या काठी गोळा होई आणि गलबतांत भरून अरबस्तान, इराण, पूर्व आफ्रिका आणि युरोप येथे रवाना होई. या मालात एक जिन्नस असा होता, की तो शेतात पिकत नसे आणि मागावर विणलाही जात नसे. तो जमिनीच्या पोटातून खणून काढावा लागे. हा जिन्नस म्हणजे अकीक. अंगठीत किंवा जपमाळेत बसवलेला, तांबूस, अर्धपारदर्शक, स्पर्शाला गार लागणारा हा खडा पुष्कळ श्रोत्यांच्या पाहण्यातला असेल.

हा खडा जेथून निघे ती खाण सुरतेपासून फार दूर नाही. सुरतेच्या उत्तरेस, सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटरांवर, नर्मदेच्या अलीकडे, राजपीपळ्याच्या डोंगरांच्या पश्चिम टोकाशी रतनपूर नावाचे एक लहानसे गाव आहे. पूर्वी ते राजपीपळा संस्थानात मोडत असे. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९६० पर्यंत सुरत, भडोच व रतनपूर ही तिन्ही ठिकाणे पुण्या-नाशकाबरोबर एकाच राज्यात होती. आज हे गाव भडोच जिल्ह्याच्या झगडिया तालुक्यात येते. मराठ्यांच्या इतिहासातही त्याचा उल्लेख आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी धनाजी जाधवांनी गुजराथेत उतरून मोगल फौजेचा जो पराभव केला, तो याच रतनपूरजवळ. लढाई इतिहासात नोंदली गेली. पण गावाला ज्या रत्नांवरून नाव पडले, त्यांची हकीकत त्या लढाईहून किती तरी जुनी आहे.

या हकीकतीचा आरंभ आपल्या सह्याद्रीच्या जन्मापाशी होतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून तप्त शिलारसाचे लोंढे बाहेर आले व थरावर थर साचत गेले. आपले गडकिल्ले ज्यावर उभे आहेत आणि आपली लेणी ज्यात कोरली आहेत, तो काळा पाषाण हाच. शिलारस थिजत असताना त्यातील वायूचे बुडबुडे आतल्या आतच अडकून राहिले व खडकात लहानमोठ्या पोकळ्या तयार झाल्या. पुढे दीर्घ काळ झिरपणाऱ्या पाण्याने आपल्याबरोबर विरघळलेली सिलिका आणली आणि या पोकळ्यांच्या भिंतींवर तिची पुटे चढवली. देशावर विहीर खणताना ज्या पांढऱ्या गारगोट्या निघतात, त्या अशाच तयार झालेल्या असतात. पुटे निरनिराळ्या रंगछटांची असली म्हणजे पट्टेदार अकीक होतो. सिलिकेत लोहाचा अंश मिसळलेला असला म्हणजे पिवळा, बदामी किंवा तांबडा अकीक होतो. काठिण्याच्या दहा अंशांच्या मापात त्याची जागा साडेसहा ते सातच्या घरात लागते. म्हणजे पोलादी चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही.

रतनपूरचे वैशिष्ट्य असे, की तेथील अकीक मूळ काळ्या खडकातून फोडून काढावा लागत नाही. काळ्या पाषाणाची झीज होत गेली, मऊ भाग माती होऊन वाहून गेला. कठीण गारगोट्या मात्र टिकल्या. पाण्याच्या ओघाने त्या गडगडत, घासत, वाटोळ्या होत खाली आल्या आणि वाळू-गोट्यांच्या थरांत गाडल्या गेल्या. रतनपूरच्या खाणी आहेत त्या या गोट्यांच्या थरांत. याच तृतीय कल्पाच्या पट्ट्यात जवळच राजपारडीला आणि सुरत जिल्ह्यात वस्तानला लिग्नाइट कोळसा सापडला व त्याच्या मोठ्या उघड्या खाणी निघाल्या. निसर्गाने सह्याद्रीच्या जातीचा खडक दळून, पाखडून, त्यातले कठीण तेवढे वेचून या एका जागी ठेवले, असे म्हटले तरी चालेल.

ते वेचलेले धन वर काढणे मात्र सोपे नव्हते. मुंबईच्या वैद्यकीय खात्यातील जॉन कोपलंड याने या खाणी पाहून लिहिलेले टिपण १८१९ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या पहिल्या ग्रंथात छापले गेले. हीच संस्था पुढे एशियाटिक सोसायटी म्हणून नावारूपाला आली. त्या काळी हा सारा प्रदेश दाट जंगलाचा होता. वाघांच्या भयामुळे खाणींजवळ वस्ती करण्याची कोणाची छाती नसे. खाणकरी सकाळी गावातून निघत आणि दिवस मावळण्यापूर्वी परतत. खाण म्हणजे विहिरीसारखा उभा, अरुंद खड्डा. एकोणिसाव्या शतकातील वर्णनांनुसार सुमारे ३० फूट खोल. तळाशी गोट्यांचा थर लागला, की तेथून आडव्या बिळांसारख्या वाटा काढीत. त्यांत वाकून शिरायचे, अंधुक दिव्याच्या उजेडात टिकावाने गोटा सुटा करायचा आणि टोपलीतून वर धाडायचा. काम कोरड्या ऋतूतले. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी भरे, कडा ढासळत, आणि पुढल्या हंगामात नवे खड्डे खणावे लागत. हे कष्ट मुख्यतः त्या डोंगरांतल्या भिल्लांचे होते. वर आलेल्या गोट्याची लहानशी कपची उडवून आतला कस पाहिला जाई. पसंतीस उतरला तर ढिगात, नाही तर पुन्हा मातीत.

येथवरची हकीकत कोणत्याही खाणीला शोभेल अशी आहे. रतनपूरच्या अकीकाचे खरे रहस्य याच्या पुढे आहे. ज्या तांबड्या रंगासाठी जग या खड्यावर लुब्ध झाले, तो रंग खाणीतून निघतच नाही. बाहेर येतो तो बहुधा मळकट पिवळा, बदामी, करडा गोटा. त्याला लाली चढते ती अग्नीने. गोट्यात जे लोह असते ते जलयुक्त रूपात, म्हणजे गंजासारखे पिवळे असते. बेताबेताने तापवले, की त्यातले पाणी उडून जाते आणि तेच लोह गेरूप्रमाणे तांबडे होते. कुंभाराच्या भट्टीत पिवळसर मातीचे मडके लाल होते, त्याचेही कारण हेच आहे. मात्र मडके थोडे जादा तापले तर फारसे बिघडत नाही. अकीक एकदम तापला तर तडकतो आणि सारी मेहनत फुकट जाते.

म्हणून रतनपूरकरांनी घाई न करणारी एक रीत बसवली होती. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरात तिचे तपशीलवार वर्णन आले आहे. मार्च-एप्रिलच्या उन्हात गोटे उघड्या शेतात पसरून ठेवीत. मे महिन्यात शेताभोवती दोन फूट खोल व तीन फूट रुंद चर खणीत. गोटे मडक्यांत भरून, मडक्यांच्या बुडाला भोक पाडून, ती तोंडाच्या बाजूने चरात पालथी ठेवीत. भोवताली गोवऱ्या व लेंड्यांच्या शेणी रचून सूर्यास्ताला पेटवीत आणि सूर्योदयापर्यंत ती धग राखीत. सकाळी मडकी उघडली, की फिकट बदामी गोटे पांढरे झालेले असत, गडद बदामी गोट्यांना पिंगट रंग आलेला असे. गवती पिवळे गुलाबी होत, आणि नारिंगी गोटे लालभडक होऊन निघत. ज्या गोट्यांत पिवळा व बदामी रंग धुरकट मिसळलेला असे, त्यांत आता पांढऱ्या व तांबड्या रंगांच्या स्पष्ट रेषा उमटत. लसण्या, डोळ्यासारखी खूण असलेला खडा आणि बाबाघोरी, एवढे तीन प्रकार मात्र भाजीत नसत. मेअखेर माल पोत्यांत भरून नर्मदेतून भडोचला उतरवीत व तेथून मोठ्या होड्यांनी खंबायतला पोचवीत.

यातला बाबाघोरी हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. रतनपूरजवळच्या टेकडीवर बाबा घोर, किंवा बावा गोर, या संताचा दर्गा आहे. परंपरा सांगते, की हा पुरुष हबसाणातून, म्हणजे आफ्रिकेतून आला. अकीकाचा धंदा त्याने भरभराटीस आणला. आणि त्याची बहीण माई मिसरा हिने त्या टेकडीवरच्या राक्षसीचे पारिपत्य केले. गुजराथेतील सिद्दी त्याला आपला आदिपुरुष मानतात. भिल्ल, हिंदू, मुसलमान व पारशी सारेच त्या टेकडीवर नवस बोलतात. दंतकथेतील इतिहास किती आणि कल्पना किती, हे निवडणे कठीण आहे. पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ज्या मण्यांना शतकानुशतके मागणी होती, त्या मण्यांच्या खाणीवर आफ्रिकेतून आलेल्या संताची समाधी असावी, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पट्टेदार खड्याच्या एका जातीला त्याचेच नाव मिळाले. दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज प्रवाशाने १५१६ च्या सुमारास लिहिलेल्या वृत्तांतात हा शब्द आढळतो, आणि रतनपूरनजीकच्या लिमोद्रा गावाचाही उल्लेख आढळतो. तेथील दगडाच्या वस्तू खंबायतच्या बाजारातून तांबड्या समुद्राकडे जात, हे त्याला ठाऊक होते.

बार्बोझाच्या आधीही हा व्यापार जुनाच होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी मार्गदर्शिकेत भडोच बंदरातील निर्यातीत असल्या खड्यांचा निर्देश आहे. त्यात आपल्या पैठणचेही नाव आहे. पैठणहून बिनरस्त्याच्या अफाट मुलुखातून गाड्या भरभरून हे खडे भडोचला आणीत, आणि तो प्रवास वीस दिवसांचा होता, असे तो लेखक सांगतो. म्हणजे दख्खनच्या दगडाला नर्मदेच्या मुखाशी पोचण्याचे दोन मार्ग होते: एक नद्यांनी कोट्यवधी वर्षांत चालून दाखवला, दुसरा सातवाहनांच्या काळच्या गाडीवानांनी वीस दिवसांत. नेवासे, तेर, इनामगाव येथील उत्खननांत अकीकाचे मणी निघाले आहेत. तेव्हा हा खडा केवळ परदेशी गिऱ्हाइकासाठी नव्हता, दख्खनच्या गावकऱ्यांच्या गळ्यातही तो होता.

त्याहून मागे गेले, की सिंधू संस्कृतीचा काळ लागतो. खंबायतच्या आखाताच्या टोकाशी असलेल्या लोथल येथे १९५५ पासून एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. त्यात मण्यांचा एक कारखानाच सापडला; मधोमध अंगण, भोवती खोल्या, अर्धवट घडवलेले व पुरे झालेले मणी, आणि दगड तापवण्याची भट्टी. इराकमधील ऊर येथे लिओनार्ड वुली यांनी उघडलेल्या राजघराण्याच्या थडग्यांत, इसवी सनापूर्वी सुमारे २५०० च्या काळातील, तांबड्या अकीकाचे लांबलचक मणी आणि पांढऱ्या रेषांची नक्षी काढलेले मणी मिळाले. अशा मण्यांच्या अलीकडील रासायनिक विश्लेषणावरून त्यांतील पुष्कळांचा दगड गुजराथेतील असावा, असे दिसते. ती पांढरी नक्षी कशी काढीत, याचा उलगडा अर्नेस्ट मॅके यांना सिंधमधील एका कारागिराकडून झाला व १९३३ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला: धुण्याचा सोडा झुडपाच्या रसात कालवून त्याने मण्यावर रेघ ओढायची आणि मणी निखाऱ्यात तापवायचा. चार हजार वर्षांच्या अंतरावरची ही कृती त्या कारागिराच्या हातात जिवंत होती.

एवढ्या दीर्घ प्रवासात खड्याला नाव मात्र खाणीचे मिळाले नाही. जगाच्या बाजारात तो 'खंबायतचा अकीक' म्हणून ओळखला गेला, कारण तो घडवला जाई खंबायतला. त्या बंदरात गाळ भरत गेला, मोठी जहाजे येईनाशी झाली, आणि सतराव्या शतकात व्यापाराचा ओघ सुरतेकडे वळला; पुढे तो मुंबईकडे गेला. बंदरे बदलली तरी घडवण्याचे काम खंबायतच्या गल्ल्यांतून हलले नाही. अलीकडे या कामाला त्याच शहराच्या नावाने भौगोलिक संकेताची नोंदणीही मिळाली आहे. रतनपूरच्या खड्ड्यात उतरणाऱ्या भिल्लाचे नाव त्या साखळीत कोठेच आले नाही.

खंबायतच्या कारागिराची रीत पाहण्यासाठी गेल्या शतकाच्या अखेरीस बडोद्याच्या विद्यापीठातील कुलदीप भान, अमेरिकेचे जोनाथन मार्क केनॉयर आणि इटलीचे मास्सिमो विदाले हे पुरातत्त्वज्ञ तेथे राहिले. लोथलचा कारागीर कसे काम करीत असेल, हे खंबायतच्या कारागिराकडे पाहून त्यांना समजून घ्यायचे होते. कारागीर जमिनीत लोखंडाची टोकदार पहार तिरपी रोवतो. गोटा त्या टोकाला टेकवून धरतो. दुसऱ्या बाजूने शिंगाच्या हातोड्याने हलकेच ठोकतो. कपची उडते ती हातोड्याच्या बाजूने नव्हे, पहारेच्या टोकाकडून. अशा शेकडो ठोक्यांनी मण्याचा आकार उतरतो. मग तो सराणेवर घासायचा, झिलई द्यायची, आणि कामठीने फिरणाऱ्या, टोकाला हिऱ्याच्या कण्या बसवलेल्या गिरमिटाने, पाण्याचे थेंब सोडीत भोक पाडायचे. सुरतेत आज जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पडतात. तेथून काही कोसांवर हिऱ्याच्या दोन कण्यांनी अकीकाला भोक पाडण्याची ही जुनी विद्या तग धरून आहे. शोभेच्या वस्तूंबरोबरच प्रयोगशाळांत लागणारे अकीकाचे खलबत्तेही येथे घडतात. कारण हा दगड झिजत नाही आणि आम्लांनी सहसा बिघडत नाही.

दगड झिजत नाही. त्याच्याशी झुंजणारा माणूस झिजतो. अकीक म्हणजे शुद्धप्राय सिलिका. सराण हाताने, ओलीवर चाले तोवर धूळ बेताची होती. विजेवर फिरणारी कुरुंदाची चाके आली आणि कोरडा दगड त्यांवर धरला जाऊ लागला, तेव्हा धुळीचे लोट उठू लागले. यातील डोळ्यांना न दिसणारे कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. शरीर त्यांना गिळू पाहते, पण जिरवू शकत नाही. त्या जागी व्रण पडतात, फुप्फुस ताठर होत जाते, दम लागू लागतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. पुष्कळदा तो क्षय समजला जातो, आणि हा रोग असलेल्याला क्षयही सहज जडतो. क्षयाला औषध आहे. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात खंबायतच्या कारागिरांची तपासणी केली तेव्हा घासकाम करणाऱ्यांत हा रोग स्पष्टपणे आढळला. काम घरातच चालत असल्याने बायकामुलेही त्याच हवेत श्वास घेतात.

असे दुःख एकट्या खंबायतचे नाही. जर्मनीत इडार-ओबरश्टाइन येथेही शतकानुशतके अकीक घासला गेला. तेथले कामगार लाकडी घोडीवर पालथे पडून, छातीवर भार घेऊन, पाण्याच्या चक्कीने फिरणाऱ्या भल्या मोठ्या दगडी चाकांवर खडे दाबून धरीत. त्यांच्यातही फुप्फुसाच्या विकाराने अकाली मरण येणे हे नित्याचेच होते. उपायही अज्ञात नाहीत. चाकावर पाण्याची धार ठेवणे, धूळ उठते त्याच जागी ती ओढून घेणारी नळी बसवणे, घासकाम राहत्या घरातून बाहेर काढणे, एवढ्याने मोठा फरक पडतो.

अडचण आहे ती हिशेबाची. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसला सूचनीय रोगांच्या यादीत घातले. पण ज्याचे घर हाच कारखाना आणि ज्याला कच्चा माल देणारा व्यापारी हाच धनी, त्याला कामगार म्हणून ओळखणारे कोण? गोध्रा भागातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत काम करून मध्य प्रदेशातील आदिवासी मजूर गावी परतले आणि दम लागून मरण पावले. त्यांपैकी २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. तीच सिलिका, तीच धूळ; पण तो न्यायही मृत्यूनंतरचा होता.

रतनपूरच्या गोट्याची किंमत त्याच्या जन्मजात रूपात फारशी नव्हती. खणणाऱ्याने तो अंधारातून वर आणला, भाजणाऱ्याने रात्र जागून त्यात लाली आणली, घडवणाऱ्याने त्याला आकार दिला, आणि घासणाऱ्याने आपल्या श्वासाच्या मोबदल्यात त्यावर झिलई चढवली. प्रत्येक हाताने त्याचे मोल वाढवले; व्यापाऱ्यांच्या वहीत त्या हातांच्या नावे मजुरीपलीकडे काही जमा झाले नाही. ऊरच्या थडग्यातून निघालेला मणी साडेचार हजार वर्षांनंतरही चमकतो. तो ज्याने घासला, त्याच्या कामाचा आजचा वारस चाळीस-पन्नास वर्षे सुखाने श्वास घेऊ शकावा, यासाठी पाण्याची एक धार आणि धूळ ओढणारी एक नळी लागते. अकीकाच्या मोलात हा खर्चही धरला जाईल, तेव्हाच त्या खड्याचा हिशेब पुरा होईल.